अर्ध्या किमतीचं हेड

माझ्या टेबलावर येणारं प्रत्येक हेड नवं कोरं असतं आणि बहुतेक प्रत्येक हेड नापास असतं. आणणारा ते टॉवेलात गुंडाळून आणतो, हलक्या हातानं ठेवतो आणि विचारतो, "काका, चालेल ना?" मी म्हणतो, चालेल की. कुठवर चालेल ते बघू. मग माणसाचा चेहरा पडतो, कारण त्याने ऑनलाइन चार स्टार बघून घेतलेलं असतं.

मी नक्की काय काम करतो हे आमच्या घरातही कोणाला धड माहीत नाही. बायको पाहुण्यांना सांगते, "ते गाड्यांचं काहीतरी घासत असतात." हे वर्णन चुकीचं नाही, पण थोडं विस्तारानं सांगायला हवं.

इंजिनाच्या खालच्या भागात पिस्टन वर-खाली पळतात. त्यावर जे झाकण बसतं ते हेड. कुकरचं झाकण नीट बसलं नाही तर वरण शिजत नाही, एवढं ज्याला कळतं त्याला माझा अर्धा धंदा कळला. उरलेला अर्धा असा की या झाकणाला श्वासही घ्यावा लागतो. पेट्रोल-हवेला आत येऊ द्यायचं, धुराला बाहेर काढायचं, आणि मधल्या वेळात सगळं घट्ट बंद ठेवायचं. त्यासाठी त्यात वाल्व्ह असतात, म्हणजे दारं. दार चौकटीत नीट बसलं नाही की ताकद तिथून पळते. वाल्व्हच्या त्या चौकटीला आम्ही सीट म्हणतो.

आता कंपनीचं हेड घ्यायचं तर खिसा फाटतो. म्हणून इतर ओतकामवाले तसंच दिसणारं हेड ओततात आणि अर्ध्या किमतीत विकतात. लोक त्याला डुप्लिकेट म्हणतात, मी म्हणत नाही. त्यांचं ओतकाम बरेचदा चांगलं असतं, फक्त शेवटचा हात फिरवायला कोणाला वेळ नसतो. तो हात मी फिरवतो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी वर्षानुवर्षं इन्स्पेक्शनला होतो. पुढे कारखाना परराज्यात गेला, त्या जागी आता टॉवर आहे आणि जिथे माझं टेबल होतं तिथे बहुधा स्विमिंग पूल. मी मात्र डोंबिवलीत राहणारा, माझ्याने परराज्य होईना. एमआयडीसीत एक शेड घेतली आणि लोकांची नवी हेडं नापास करायला बसलो.

पहिलं काम म्हणजे वाजवून बघणं. माठ घेताना आपण टिचकी मारतो, तशी पितळी दांड्यानं हेडवर मारायची. स्वच्छ नाद आला तर ठीक, भदभद आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. मग सोड्याच्या गरम पाण्यात आंघोळ. ओतकामाची वाळू पाण्याच्या वाटांमध्ये तशीच राहिलेली असते. एकदा एवढी निघाली की शेजारच्या शेडवाल्यानं विचारलं, "सावंत, बांधकाम काढलंय काय?" मग पट्टी ठेवून सपाटी बघायची, वाल्व्ह त्याच्या नळीत हलवून बघायचा. काही वाल्व्ह नळीत इतके सैल असतात की भाड्याच्या खोलीत राहतात असं वाटावं.

सीट तपासायला बाकीचे लोक निळा रंग वापरतात. मी जुन्या फिटर लोकांसारखा शेंदूर वापरतो. तेलात कालवायचा, वाल्व्हच्या कडेला पातळ लावायचा, सीटवर ठेवून जरासा फिरवायचा आणि उचलायचा. सीटवर अखंड लाल कडं उमटलं तर दार बंद होतंय. तुटक उमटलं तर तिथे गळती. डोंबिवलीचे एक निवृत्त बँक अधिकारी जुन्या गाडीचं हेड घेऊन आले होते. टेबलावर शेंदूर लावलेले वाल्व्ह ओळीनं मांडलेले बघून त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. मी अडवलं नाही. त्या वाल्व्हची अवस्था बघता आमच्या दोघांच्या हातात तेवढंच होतं.

सगळ्यात जास्त भांडणं पोर्टवरून होतात. पोर्ट म्हणजे हवेची वाट. गाडी पळवायची हौस असलेला प्रत्येक जण येऊन म्हणतो, "काका, भोक मोठं करा आणि आतून आरशासारखं घासा." दोन्ही गोष्टी मूर्खपणाच्या आहेत. शेजारच्या दिवा गावात पाणी टँकरनं येतं, तिथे कोणालाही विचारा, टँकरच्या पाइपाचं तोंड दाबलं की पाणी लांब जातं. हवेचंही तसंच आहे, वाट उगाच रुंद केली की ती सुस्तावते. आणि पेट्रोलच्या वाटेला आरसा केला की पेट्रोल हवेत मिसळायच्या ऐवजी भिंतीवरून ओघळतं. खरं काम असतं ते सीटच्या जरा आधी, वळणावर, ओतकामाचा जो ओबडधोबड कंगोरा राहिलेला असतो तिथे. तो हलक्या हातानं मोडायचा आणि थांबायचं. थांबणं मला शिकायला फार वेळ लागला.

टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळाचे कार्यकर्ते तर पोर्टच्या भानगडीतही पडले नाहीत. ते म्हणाले, "काका, पिकअप बिकअप जाऊ दे. आवाज असा पाहिजे की आपण नाक्यावर आलो ते हंडीच्या वरच्या थराला कळलं पाहिजे." मी म्हटलं, "आणि वरचा थर दचकून खाली आला तर?" त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "तिसऱ्या थरापर्यंत कळलं तरी चालेल."

हे सगळं हसण्यावारी नेतो, पण एक गोष्ट मी सहन करत नाही. माझ्या हातून गेलेल्या हेडला नावं ठेवलेली. ठाण्याच्या एका गॅरेजवाल्यानं एकदा माझ्या सीटकामाला 'लोकल' म्हटलं. मी त्याचं हेड उचललं, त्याच्या डिकीत ठेवलं, डिकी बंद केली आणि शटर अर्धं खाली ओढलं. त्या गृहस्थानं पुढे दोनदा मध्यस्थ पाठवले, पण मी त्याचं काम पुन्हा घेतलं नाही. बायको याला तऱ्हेवाईकपणा म्हणते, आणि तिला विचारलं तर ती उदाहरणंही देते.

तर अशा माझ्याकडे दीड-दोन वर्षांपूर्वी प्राजक्ता घाग आली. दिव्याहून रिक्षानं, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं हेड घेऊन. वय पंचविशीचं, डिप्लोमा झालेला, नखांत काळं. घोडबंदर रोडला कर्णिक म्हणून एक गृहस्थ शर्यतीच्या गाड्या बनवतात. त्यांच्याकडे इंजिन बांधणाऱ्याची जागा होती. कर्णिकांनी तिला अट घातली होती: कमी खर्चाच्या शर्यतींसाठी स्वस्तातल्या हेडवर एक इंजिन बांधून दाखव. ते कर्णिकांच्याच डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण चाचणी टिकलं तर जागा तुझी. टिकलं नाही तर तोपर्यंत केलेलं सगळं विसरायचं. कर्णिकांना स्वतःला स्वस्त हेडवर काडीचा विश्वास नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

मी हेड वाजवलं, धुतलं, मोजलं. मग तिला स्टुलावर बसवून यादी वाचली. सीटा वाकड्या, दोन नळ्या सैल, एका पोर्टची भिंत पातळ, खालचा भाग सपाट नाही, स्फोट होतो त्या खळग्यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत.

"परत कर," मी म्हटलं. "दुसरं मागव."

"काका, दुसरंपण असंच येणार ना?"

"असंच. कदाचित वेगळ्या ठिकाणी वाकडं."

"मग ह्याच्यातलं निदान माहितीय तरी काय काय वाकडंय. मी नाय रिटर्न करणार."

पोरगी बरोबर बोलत होती. मी एकाच अटीवर काम घेतलं, की ते तिनं माझ्या समोर बसून करायचं. सीटा मी कापल्या, नळ्या मी बदलल्या. खळग्यांची मापं तिनं जुळवली. काच ठेवून बारीक नळीनं थेंब थेंब पाणी सोडायचं, कुठल्या खळग्यात किती मावतं ते बघायचं, कमी मावेल तो जरासा घासायचा. कंटाळवाणं काम आहे. मी चहाला उठलो की ती त्या पातळ भिंतीच्या पोर्टकडे बघत बसायची. तिथे हात लावायचा तिला भारी मोह होत होता.

"तिथे घासलंस तर पाण्याच्या वाटेत जाशील," मी म्हटलं.

"म्हाईत आहे. बघतेय फक्त."

आणि तिनं खरंच हात लावला नाही. मला जे जमायला अर्धं आयुष्य गेलं ते हिला पंचविशीत जमत होतं. मला हेवा वाटला, हे लिहायला हरकत नाही.

तिच्या घरी मात्र या सगळ्याला विरोध होता. वडील मोहने गावातल्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, कॉलनी सुटली आणि कुटुंब दिव्यात भाड्यानं आलं. आई घरी पोळ्या लाटून ऑर्डरी पुरवते. त्या माउलीचा यंत्र या जातीवरच राग. यंत्रानं आधी पोटाला दिलं आणि मग नवऱ्याला घरी बसवलं, असं तिचं म्हणणं. मुलीनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात, निदान फॅनखाली बसावं. प्राजक्ता माझ्याकडे येते हे घागवहिनींना माहीत होतं, पण माझं नाव निघालं की त्या म्हणे पोळी जोरात लाटायच्या.

हेड पूर्ण झालं नेमकं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे नवमीला यंत्रं पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजेला बसतात. प्राजक्तानं तयार हेड उलटं, चकचकीत बाजू वर करून टेबलावर ठेवलं होतं आणि प्रत्येक भोकावर चिकटपट्टी लावली होती. आमच्या धंद्यातला पहिला नियम तोच आहे: भोक उघडं ठेवायचं नाही. माशी बसेल, धूळ जाईल, नटबोल्ट पडेल.

नवमीला सकाळी दारात रिक्षा थांबली आणि घागवहिनी उतरल्या. हातात ताट: हळद, कुंकू, अक्षता, निरांजन, नारळ. मला वाटलं, आता माझी आरती होते. पण त्या मला नमस्कार करून थेट टेबलापाशी गेल्या.

"हेच काय ते?"

"हो," प्राजक्ता म्हणाली. तिचा आवाज मला तरी जरा वेगळा लागला.

"दाखव तरी काय केलंस ते. हे सगळं चिकटवून ठेवलंय, काय दिसणार मला?"

आता सांगा, जी आई कधी इंजिनाचं नावही ऐकून घेत नव्हती ती ताट घेऊन दिव्याहून आली आहे आणि म्हणते आहे, दाखव. मुलगी काय करणार? प्राजक्तानं एकेक पट्टी काढली. हे खळगे मी जुळवले, ही सीट काकांनी कापली, इथून हवा येते, इथून धूर जातो. वहिनी सगळं ऐकत होत्या. कळत काही नव्हतं, पण बोट लावून बघत होत्या. मग त्यांनी पदर सावरला, प्रत्येक खळग्यात हळदकुंकवाचं बोट टेकवलं आणि अक्षता वाहिल्या. लग्नात टाकाव्यात तशा मुठी भरून, सढळ हातानं. मीसुद्धा हात जोडून उभा होतो. असल्या वेळी भोकांवर पट्टी लाव म्हणून ओरडणारा माणूस मी नाही.

पूजेनंतर प्राजक्तानं हेड पुसलं, एकेक दाणा वेचला, भोकाभोकांत हवा मारली, टॉर्च घालून पाहिलं आणि पट्ट्या परत लावल्या. तिच्या बाजूनं तिनं काही बाकी ठेवलं नाही.

दसऱ्यानंतर चाचणी झाली. इंजिन गाडीत बसलेलं, गाडी कर्णिकांच्या डायनोवर बांधलेली. कर्णिक हे सत्तरीकडे झुकलेले, स्वच्छ शर्टाचे, शुद्ध बोलणारे गृहस्थ. मला म्हणाले, "सावंत, आपल्या हाताबद्दल शंका नाही. शंका आहे ती त्या धातूबद्दल." घागवहिनीही आल्या होत्या. त्यांना लांब, आवाज कमी येईल अशा ठिकाणी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. मांडीवर डबा, डब्यात बहुधा सगळ्यांसाठी पोळीभाजी.

इंजिन पहिल्या चावीत सुरू झालं. सूर चांगला लागला. कर्णिकांच्या भुवया जराशा वर गेल्या. पण थोड्याच वेळात वरून बारीक टकटक यायला लागली. मला ती ऐकू आली, मी मान वर करेपर्यंत प्राजक्तानं चावी बंद केली होती. चाचणी चालू असताना, नोकरी टांगणीला असताना, कोणाला न विचारता. कर्णिकांचा एक माणूस म्हणाला, "बोललो होतो ना, सस्तावाला हेड आहे." मी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पाणी प्यायला गेला.

वरचं कव्हर काढलं. आत कोरडं होतं. खालून तेलाचं प्रेशर व्यवस्थित, आणि वर तेलाचा टिपूस नाही. हेडमधून वर तेल नेणारं एक पेन्सिलीएवढं भोक असतं, पुढे ते अरुंद होतं. वाल्व्ह हलवणारा वरचा दांडा सोडवला. प्राजक्तानं छत्रीची तार वाकवून त्या भोकात घातली आणि हळूहळू फिरवत राहिली. तार बाहेर आली तेव्हा टोकाला तेलानं माखलेला तांदळाचा दाणा होता. कुंकवाचा लाल रंग अजून दिसत होता. पूजेनंतर तिनं हवा मारली तेव्हा बाकीचे दाणे उडाले आणि हा तेवढा आत ढकलला गेला असणार.

तिनं तो फडक्यावर ठेवला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नाही. मला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा आईनं तिच्या कामावर अक्षता टाकल्या होत्या. त्या कुठे पडल्या हे आईला कळायला नको होतं.

"काय निघालं?" कर्णिकांनी जवळ येऊन विचारलं.

"कचरा, सर. तेलाचं भोक मी उघडं ठेवलं होतं. चूक माझी."

"कसला कचरा?"

"कचराच, सर."

कर्णिकांनी फडक्यावरचा दाणा पाहिला. मग मान वळवून लांब खुर्चीवर बसलेल्या घागवहिनींकडे पाहिलं. मग चष्मा काढून तो उगाच पुसला.

"साफ करा. पुन्हा लावा," ते म्हणाले.

इंजिन वेळेत बंद केल्यामुळे वरचे भाग वाचले होते. दुसऱ्यांदा लावलं ते शेवटपर्यंत चाललं. ताकदीचा आकडा कंपनीच्या हेडपेक्षा जास्त नव्हता, पण कमीही नव्हता. कर्णिकांनी कागद घडी करून खिशात घातला आणि प्राजक्ताला म्हणाले, "आवाज ऐकून स्वतः बंद केलंस, म्हणून सोमवारपासून ये. भोक उघडं ठेवलंस, म्हणून सुरुवातीला काही महिने फक्त भाग धुवायचे. इंजिनाला हात लावायचा नाही."

"चालेल, सर," ती म्हणाली, आणि मग तिला एकदम रडू आलं. ती हात धुवायला म्हणून आत गेली.

आता उरलो मी आणि डबा घेऊन माझ्या दिशेनं येणाऱ्या घागवहिनी. त्यांनी मघाची पळापळ पाहिली होती, तो 'सस्तावाला हेड' हा शब्दही त्यांच्या कानावर गेला होता.

"काका, रागावू नका," त्या म्हणाल्या, "तुम्ही पोरीसाठी एवढं केलंत, तुमचे उपकार आहेत. पण एक बोलते. तुमचं ते हेड काय बरोबर नव्हतं."

 कर्णिक भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचत होते.

"माझा नवरा कारखान्यात होता, मला कळतं. स्वस्तातलं ते स्वस्तातलंच. माझी पूजा केलेली होती म्हणून निभावलं. नाहीतर तुमच्या त्या हेडनं आज पोरीची नोकरी घालवली असती."

तिथे डिकी नव्हती, शटर नव्हतं. डब्यातून पोळीचा वास येत होता आणि आतून नळाचा आवाज.

"खरंय, वहिनी," मी म्हणालो. "तुमच्या अक्षतांनीच तारलं."